अप्पांच्या खोलीतला अभ्यास

आत्या आली ती हातातली बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "मग? रजा कोण घेतंय?"

बाहेरच्या खोलीत सगळे तिची वाटच बघत बसले होते. दादा खिडकीपाशी, धाकटा दाराच्या चौकटीला टेकून आणि थोरली सून सोफ्याच्या अगदी कडेला, जणू कोणी हाक मारली की लगेच उठायचं आहे. बाजूच्या खोलीत अप्पा उताणे पडले होते. प्रेसमध्ये स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कागदाचा गठ्ठा काढायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. दोन दोन मुलं खाली उभी असताना स्टुलावर चढायची काय गरज होती, हे विचारून विचारून सगळे थकले होते. ऑपरेशन नीट झालं, काल घरी आणलं. दीड महिना एकट्याने उठायचं नाही, कोणीतरी सतत हाताशी हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"हळू बोल गं," दादा बहिणीला म्हणाला, "डोळा लागलाय त्यांचा."

"लागू दे. म्हणूनच आत्ता ठरवून टाकू. एकदा जागे झाले की आपल्याला बोलू देतात का?"

"बाई ठेवू एखादी," धाकटा म्हणाला.

"दवाखान्यातल्या आयाला त्यांनी दुसऱ्या दिवशी पळवून लावलं, ते विसरलास?" दादा म्हणाला. "बिचारी जाताना मला म्हणाली, तुमच्या वडिलांना बरं व्हायचंच नाहीये. परक्या माणसाचा हात लागला की अंग आखडून घेतात. घरचंच माणूस पाहिजे."

एकेकाची नजर हळूच आतल्या खोलीकडे वळली. तिथे जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून तिघं बसली होती.

टेबलाच्या टोकाला धाकटी सून. मालवाहतुकीच्या एका कंपनीत हिशेब विभागात तिची उमर गेली होती. मुलगा वसतिगृहात गेल्यावर तिने लग्नाआधी अर्धवट राहिलेली हिशेबतपासनिसाची, म्हणजे सीएची, शेवटची परीक्षा पुन्हा हातात घेतली. तिच्यासमोर चिऊ, म्हणजे थोरलीची लेक. तीच परीक्षा, दुसरी खेप. आणि मधे प्रोफेसर. हा प्रोफेसर नव्हताच, चिऊबरोबर एकाच ऑफिसात आर्टिकलशिपची उमेदवारी केलेला, याच परीक्षेला बसणारा मुलगा होता. पण कोणी साधं 'पंखा का बंद आहे' विचारलं तरी चष्मा वर सारून, एक बोट उभं करून 'याची तीन कारणं असू शकतात' म्हणायचा, त्यामुळे नाव पडलं ते पडलं.

परीक्षा महिन्यावर आली होती.

बाहेरच्यांच्या नजरा प्रोफेसरला जाणवल्या. त्याने पुस्तकं गोळा केली आणि मान खाली घालून दाराकडे निघाला. पण त्याचे बूट नेमके आत्याच्या बॅगेखाली गेले होते.

"मी निघतो," तो म्हणाला. "फक्त माझे... तुमच्या बॅगेखाली..."

"बस रे," आत्या म्हणाली. "महिनाभर इथंच जेवतोयस, आता अडचणीच्या वेळी कुठे निघालास?"

तो बसला. बुटांच्या जवळ, जमिनीवरच.

"माझं काय आहे," थोरलीने सुरुवात केली, "शाळेच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात. मुख्याध्यापिकेनंच रजा टाकली तर कसं होणार? प्रेसमध्ये पाठ्यपुस्तकांचं काम आलंय, हे दोघं रात्री नवाला घरी येतात. ताई, तुमचं घर तिकडे. राहता राहिली..." तिने आतल्या टेबलाकडे पाहिलं. "अगं, जरा बाहेर येतेस का?"

धाकटी बाहेर आली. हातात पेन तसंच होतं.

"तुला मी काही बोलले तर राग मानू नकोस. तू पुढच्या खेपेला बस ना. सहा महिन्यांनी परत असतेच परीक्षा. तुझी नोकरी पक्की आहे, तुझं काही अडलेलं नाही. चिऊची गोष्ट वेगळी आहे. तिचं वय निघून चाललंय."

"वहिनी, पण..."

"आणि खरं सांगू? तिचा अर्धा वेळ तुला शिकवण्यात जातो. मी वरून ऐकते ना. तू विचारतेस, ती सांगते, तू परत विचारतेस. गेल्या वेळी ती नापास झाली ती काय उगाच? तेव्हाही तुम्ही एकत्रच बसत होता."

थोरलीच्या मनात वाईट काही नव्हतं. गेल्या निकालानंतर तिची पोर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवायला उठवलं तर उठायची, चार घास खायची, परत भिंत. इतक्या वर्षांत शेकडो मुलांना नापास झालेलं पाहिलेली, त्यांच्या आयांची समजूत काढलेली बाई; पण स्वतःच्या मुलीपाशी बसून काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. ते दिवस पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती. त्यासाठी जावेला थोडं दुखवावं लागलं तर दुखवायचं, मग नंतर मनवू, असं तिने जिना उतरतानाच ठरवलं होतं.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याचं निरीक्षण करत होता. मोठी बहीण समोर असली की तो पुन्हा शाळकरी होत असे, हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं.

उत्तर तिच्याजवळ होतं. अगदी जिभेवर होतं. गेल्या वेळी परीक्षा केंद्राच्या जिन्यातून आलेला फोन, "काकू, मी बाहेर आलेय," हा एवढासा आवाज, आणि तिने ऑफिसातून चप्पल पायात सरकवत मारलेली धाव. पोरगी जिन्यात बसली होती, थंडगार हात. पेपर सुरू होऊन तास झाला होता. "आईला सांगू नकोस," एवढंच म्हणत होती. धाकटीने शब्द दिला होता. सहा महिने होत आले, तिने तो नवऱ्यापाशीसुद्धा मोडला नव्हता.

"ठीक आहे, वहिनी," ती म्हणाली. "मी रजा काढते. पुढच्या वेळी बसेन."

इतक्या सहज म्हणाली की आत्यालाच कसंतरी झालं. "अगं, एकदम असं नको," ती म्हणाली. "जरा भांड तरी. मी एवढा प्रवास करून आले."

"काकू बसणार नसेल तर मीही बसणार नाही."

चिऊ टेबलापाशी उभी होती.

"ही काय धमकी आहे का?" दादा म्हणाला.

"धमकी नाही, बाबा. मला जमणारच नाही." तिने आईकडे पाहिलं. "आई, गेल्या वेळी पेपर अवघड नव्हता. तुला तसं सांगितलं होतं, पण नव्हता. मी लिहिलाच नाही. पहिला प्रश्न वाचला, येत होता, आणि हातच चालेना. सगळे लिहितायत, कागद उलटतायत, तो आवाज नुसता वाढत चाललाय. तासाने उठून बाहेर आले."

प्रोफेसरने हळूच चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला.

"तेव्हा काकू आमच्याबरोबर बसतच नव्हती," चिऊ म्हणाली. "ती त्यानंतर यायला लागली. मी आणि हा बसायचो फक्त. आणि क्लासमध्ये तर कोणी विचारतच नाही गं काही. सर विचारतात, कळलं? सगळे मान डोलावतात. मीपण डोलवायची. आतून वाटायचं, मला एकटीलाच येत नाहीये. काकू आल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाली, मला यातलं ओ की ठो कळलं नाही, पहिल्यापासून सांगा. मग हा सांगायला लागला, तर यालाही येत नव्हतं."

"अर्धं येत होतं," प्रोफेसर जमिनीवरून म्हणाला.

"मग तिघांनी मिळून ते सोडवलं. ती मला शिकवून घेते म्हणून मला येतं, आई. ती नसली तर मी परत मान डोलवायला लागेन."

थोरलीने सगळं ऐकलं, पण तिचे डोळे मुलीवर नव्हते. ती धाकटीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं हे?"

धाकटीने हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"मी आत्ता तुला एवढं बोलले, तरी तू..." थोरलीचा आवाज चिरकला. "आणि तिने तुला सांगितलं. मला नाही."

"ती मला सांगायला नव्हती आली, वहिनी," धाकटी घाईने म्हणाली. "माझं ऑफिस त्या केंद्राच्या समोरच आहे ना. तेव्हा जवळ मी होते, एवढंच. तुमची शाळा समोर असती तर तुम्हालाच फोन केला असता."

हे शेवटचं खरं नव्हतं, आणि ते तिघींनाही माहीत होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस," चिऊ आईला म्हणाली. "मग मला तुझी समजूत घालावी लागली असती. माझ्यात तेवढी ताकद नव्हती गं."

"मी कशाला रडेन?" थोरली म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

"बघ," आत्या कोणाला तरी म्हणाली.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हताच तो, घसा साफ करणं होतं. प्रेसमध्ये कामगारांना गप्प करायला अप्पा वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

"घरात माझंही मत विचारायची पद्धत आहे का?"

सगळे आत धावले. अप्पा टक्क जागे होते.

"तुम्ही झोपला होतात ना?" दादा म्हणाला.

"तुमची बहीण आल्यावर गल्लीत तरी कोणी झोपलंय का?" त्यांनी मान वळवून धाकटीला शोधलं. ती सगळ्यांच्या मागे होती. "तू इकडे ये. कोणाला विचारून परीक्षा सोडून दिलीस?"

"अप्पा, तुमच्याजवळ कोणीतरी..."

"मला उठवायला, बसवायला, न्हाणीत न्यायला सुना लागणार? मग हे दोन दांडगे कशाला पोसले मी? अंगठा बघू नकोस रे, वर बघ. सकाळी तू थांबायचंस माझ्यापाशी, दुपारनंतर दादा. प्रेस एकेकट्याने चालवा. मी चालवलीच ना, तुम्ही रांगत होतात तेव्हा."

"पण पाठ्यपुस्तकांचं काम..." दादा म्हणाला.

"पुस्तकं छापायची आणि वाचणाऱ्याला उठवायचं, असला कसला धंदा?" अप्पांना दम लागला. "आणि मधल्या वेळी हाताशी माणूस पाहिजे ना, मग ते टेबल इकडे आणा. तीन माणसं होतील. मलाही छताकडे बघून कंटाळा आलाय. शिकू द्या काहीतरी."

"आणि मी काय करू?" आत्याने विचारलं.

"तू स्वयंपाक कर आणि बोलू नकोस."

आत्याने विचार केला. "स्वयंपाक करीन," ती म्हणाली. "दुसरं जमायचं नाही."

टेबल दारातून जाईना. धाकट्याने पाय काढले, आत नेऊन पुन्हा बसवले. बायकोच्या बाजूने त्याला जे बोलता आलं नव्हतं ते सगळं त्याने त्या स्क्रूंवर काढलं. शेवटचा पाय घट्ट करताना तो खालून तिला म्हणाला, "मी मघाशी बोलायला हवं होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "आता ते डगमगतंय का बघ."

धाकटीने रजा काढली, पण अभ्यासासाठी, आणि त्या दिवसापासून अप्पांच्या खोलीचं रूपच बदललं. सकाळी धाकटा त्यांची अंघोळ उरकायचा, दाढी करायचा, आणि तिघं पुस्तकं घेऊन यायची. औषधाच्या बाटल्यांच्या शेजारी कॅल्क्युलेटर. अप्पा पहिले दोन दिवस नुसतं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"हे घसारा घसारा काय चाललंय?"

प्रोफेसरने बोट उभं केलं. "समजा, तुम्ही छपाईचं यंत्र घेतलंत. दरवर्षी ते वापरून झिजतं, तेवढी त्याची किंमत पुस्तकात कमी दाखवायची."

"आणि किंमत शून्य झाली, पण यंत्र चालतंच आहे, तर?"

"तर... चालू द्यायचं. पुस्तकात नाममात्र ठेवायचं."

"हं," अप्पा म्हणाले. "म्हणजे माझ्यासारखं."

चिऊ हसली, धाकटी हसली, आणि प्रोफेसर मात्र गंभीरपणे म्हणाला, "नाही अप्पा, तुमची नुकतीच मोठी दुरुस्ती झालीय. त्या खर्चाने तुमचं आयुष्य वाढत असेल, तर तो भांडवली धरायचा, म्हणजे पुस्तकात तुमची किंमत वाढते." मग अप्पाच इतके हसले की खुबा दुखला आणि आत्याने स्वयंपाकघरातून येऊन सगळ्यांना झापलं.

थोरली संध्याकाळी शाळेतून आली की दारात उभी राहायची. आत यायची नाही. त्या बैठकीनंतर ती धाकटीशी बोलत होती, पण मोजकं; जेवायला काय, अप्पांचं औषध झालं का. अपराधी वाटणाऱ्या माणसाचा तो आखडूपणा होता आणि धाकटीने त्याला हात लावला नाही. एका संध्याकाळी थोरली अशीच उभी असताना धाकटी म्हणाली, "नाही कळलं. परत." प्रोफेसरने परत सांगितलं. "नाही." मग चिऊने पेन्सिल घेतली, कागदावर दोन चौकोन काढले, एक बाण काढला आणि इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की दारात उभ्या थोरलीलाही कळल्यासारखं वाटलं. आपल्या मुलीचा हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. खणखणीत, न घाबरलेला. शाळेतल्या सगळ्यात चांगल्या शिक्षिकेचा आवाज. ती तशीच जिना चढून वर गेली आणि दादाला म्हणाली, "मी चुकले हो."

"मला काय सांगतेस?" दादा म्हणाला. "खाली सांग."

पण खाली सांगायला तिला तेव्हा जमलं नाही.

परीक्षा झाली. चिऊने सगळे पेपर शेवटची घंटा होईपर्यंत लिहिले. ती रोज बाहेर आली की आधी आईला फोन करायची आणि मग काकूला शोधायची. धाकटीचा कराचा पेपर बिघडला. एका मोठ्या प्रश्नात ती सुरुवातीलाच चुकीच्या वाटेला लागली, आणि लक्षात आलं तेव्हा परत फिरायला वेळ उरला नव्हता. बाहेर आल्यावर चिऊने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झाला एकदाचा. उद्याचा बघू."

निकालाच्या दिवशी अप्पा वॉकर घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेरच्या खोलीत आले होते. प्रोफेसर सकाळपासून तिथंच होता. चिऊच्या फोनवर आधी त्याचा निकाल उघडला, पास. मग तिचा, पेपरांच्या दोन्ही ग्रुपांचा. तिने आकडे वाचले, परत वाचले, आणि फोन आईच्या हातात दिला.

"दोन्ही ग्रुप," थोरली म्हणाली. "दोन्ही ग्रुप गं!" आणि या वेळी ती उघड उघड रडली, आणि चिऊनेही तिला रडू दिलं.

"काकूचा बघा," अप्पा म्हणाले.

धाकटीने स्वतःच उघडला होता. "एक ग्रुप सुटला," ती म्हणाली. "दुसरा राहिला. थोडक्यात."

आनंद असा मधेच अडकला. शेवटी धाकटीच उठली आणि तिने चिऊला मिठीत घेतलं. "वेडे, चेहरा काय पाडतेस? मी तर अर्धी झाले. गेल्या पंचवीस वर्षांत एवढी कधी झाले नव्हते." चिऊ तिच्या खांद्यावर डोकं ठेवून काहीतरी पुटपुटली, ते दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात दोघंही कामाला लागली. चिऊला बाहेरगावी एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली, प्रोफेसर जुन्याच ऑफिसात राहिला पण आता त्याला दौरे असत. दोघं फोन करत, "काकू, कुठपर्यंत आलं?" विचारत. धाकटी म्हणे, "चाललंय." खरं तर काही चाललेलं नव्हतं. एकटीने पुस्तक उघडलं की ओळी डोळ्यांखालून जात, आणि आपण कधी मान डोलवायला लागलो ते तिलाही कळत नसे.

एका रविवारी सकाळी ती टेबलापाशी अशीच बसली होती. जिन्यावर पावलं वाजली. थोरली खाली आली. हातात चष्म्याचं घर. ती काही न बोलता समोरच्या खुर्चीवर बसली, चष्मा लावला, प्रश्नांचं पुस्तक स्वतःकडे ओढलं.

"काय करताय, वहिनी?"

"प्रश्न विचारते. चिऊने सांगितलंय, रविवारी दोन तास, आणि मधे एकच दिवस शाळेनंतर."

"अहो, पण तुम्हाला यातलं..."

"काही येत नाही. मला उमगेपर्यंत तुला सांगावं लागेल. मी काही लवकर उमगणारी नाही, ते तर तू बघितलंच आहेस." हे म्हणताना थोरली पुस्तकातच बघत होती. मग तिने मान वर केली. "त्या दिवशी मी बोलले ते मनातून काढून टाक."

"कधीच काढलं," धाकटी म्हणाली.

"मी नाही काढलं अजून. असो." थोरलीने बोट ओळीवर ठेवलं आणि पहिलीतल्या मुलासारखं अक्षर अक्षर जुळवत वाचलं, "स्थ-गित कर-दायित्व कधी निर्माण होते?"

"फरक तात्पुरता असेल तेव्हा."

थोरलीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सबंध शाळा ज्या नजरेला वचकून होती, तीच नजर.

"पूर्ण वाक्यात," ती म्हणाली.

धाकटी हसली, खुर्ची पुढे ओढली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.